पीठ, पाऊस आणि हिरवी रेघ

गणपतीच्या आधीचा महिना आमच्या धंद्यात गडबडीचा. कराडातलं माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आठ बाय दहाचं. त्यात मी, मदतीला एक पोरगा आणि टेबलावर कायम पाच-सहा फोन पोट उघडून पडलेले. त्यामुळे या वेळी निवडक पत्रांनाच उत्तरं देते. सुरुवात माझ्यावर रागावलेल्या वाचकापासून.

तुम्ही मागच्या अंकात लिहिलंत की केबल ढिली बसत असेल तर जॅकमधला कचरा काढून बघा. मी काढला. आता फोन चार्जच होत नाही. दुकानदार म्हणतो, जॅकची जीभ मोडली, १,२०० रुपये होतील. हे पैसे कोण देणार? – एक वाचक, बार्शी

दादा, कचरा कशानं काढलात ते तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणजे सेफ्टी पिन असणार. मी लाकडी टूथपिक लिहिलं होतं. पण आधी फोन बंद करा, हे लिहायचं माझ्याकडून राहिलं, आणि ती चूक माझीच.

टाइप-सी जॅकच्या मधोमध जी पातळ पट्टी दिसते, तिला आम्ही जीभ म्हणतो. तिच्या वर बारा आणि खाली बारा असे चोवीस बारीक संपर्क असतात. चालू फोनमध्ये तिथं लोखंडी टोक फिरवलं की दोन संपर्क एकमेकांना भिडतात, आणि जरा जास्त जोर दिला तर जीभच वाकते. कचरा जिभेवर नसतोच. तो तळाशी असतो. खिशातला सुती धागा आत जातो, आपण रोज केबल लावून तो ठासतो आणि सहा महिन्यांत त्याची नमद्यासारखी घट्ट टिकली तयार होते. केबल पूर्ण आत जात नाही, पिनेची चकचकीत कड बाहेर राहते, तेव्हा समजायचं की तळ भरलाय. फोन बंद करायचा, तोंड खाली धरायचं आणि भिंतीच्या कडेनं टूथपिक फिरवून ती टिकली उचलायची.

आता १,२०० रुपयांचं. तुमच्या मॉडेलमध्ये जॅक मुख्य बोर्डावर आहे की खाली वेगळ्या छोट्या बोर्डावर, हे दुकानदाराला विचारा. स्वस्तातल्या बऱ्याच फोनांत तो वेगळा असतो. तसं असेल तर डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, कामच नाही, जुना छोटा बोर्ड काढायचा आणि नवा बसवायचा. त्याला एवढे पैसे लागू नयेत. मुख्य बोर्डावर असेल तर मात्र काम नाजूक आहे, तिथं घासाघीस करू नका.

मी पोळी-भाजीचे डबे करते. दीड महिन्यापासून समोरच्याला माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू जातो. मला त्यांचं नीट ऐकू येतं. ऑर्डरी चुकायला लागल्यात, परवा अकरा डब्यांचे सात झाले. दुकानात माइक आणि खालचा बोर्ड बदलायला सांगितलाय. बदलू का? – डबेवाल्या काकू, सांगली

काकू, जरा थांबा. पैसे अजून काढू नका.

आमच्या गल्लीत एक मेस आहे, तिथल्या मावशींचा फोन असाच आला होता. त्यांनाही बाहेर कुणीतरी माइक गेला म्हणून सांगितलेलं. फोनच्या खालच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक असतं, तो माइक. मी फोन भिंगाखाली धरला तर भोकच दिसेना. म्हटलं, या मॉडेलला वेगळीकडे दिलंय की काय. मग लहान मुलांचा दात घासायचा मऊ ब्रश कोरडाच फिरवला, तर काळ्या कडेवर एक पांढरट गोल उमटला. भोक होतं तिथंच, त्याला पिठाचं बूच बसलं होतं. कोरडं पीठ असतं तर झटकून गेलं असतं. पण मावशींचा फोन परातीशेजारी, हाताला तेल, वर फोडणीची वाफ. त्या पिठाची आत कणीक झाली आणि ती वाळून बसली. स्पीकरच्या जाळीतूनही निघालं थोडं, त्यात हळदही होती.

तुम्ही घरच्या घरी आधी एक करा. मुलाला फोन लावा, साधं बोला, मग स्पीकर चालू करून बोला. बहुतेक फोनांत दोन माइक असतात, एक खाली आणि एक वर, आणि स्पीकरवर बोलताना बऱ्याचदा वरचा माइक कामाला लागतो. स्पीकरवर आवाज स्वच्छ जात असेल तर बिघाड खालच्या भोकाशीच आहे. मग फोन बंद करून भोक जमिनीकडे धरा आणि कोरडा मऊ ब्रश हलक्या हातानं फिरवा. पाच मिनिटं लागतात, घाई नको. तोंडानं फुंकू नका, थुंकी आत जाते. आणि सिम काढायची पिन तर अजिबात घालू नका. सिमचं भोक आणि माइकचं भोक सारखंच दिसतं, पण माइकच्या भोकामागे बारीक जाळी आणि नाजूक पडदा असतो. पिनेनं तो फुटला की दुकानदार म्हणतो ते खरं होतं, माइक बदलावाच लागतो.

दोन-तीन वेळा ब्रश फिरवूनही फरक नाही पडला, तर खुशाल बदला. पण बदलण्याआधी त्याला तुमच्यासमोर ते भोक भिंगातून बघायला लावा. मावशींकडून मी पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या आल्या, त्या घेतल्या.

फोन आला की स्क्रीन काळी होते. बोलणं झाल्यावर कट करता येत नाही, समोरच्यानं केला तरच होतो. – परभणीचे एक वाचक

नवी टफन ग्लास कधी बसवलीत? फोन कानाला लावला की स्क्रीन बंद करणारा सेन्सर वर, कानाच्या स्पीकरजवळ असतो. काच त्याच्यावर आली किंवा काचेखाली धूळ बसली, की फोनला वाटतं कान चिकटलेलाच आहे. काच काढून बघा. तोवर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत पॉवर बटणानं फोन कट करण्याची सोय आहे, ती चालू करून ठेवा.

पावसात स्कूटरच्या डिकीत पाणी शिरलं, फोन भिजला. लगेच पुसून दोन दिवस तांदळात ठेवला. चालू झाला, छान चालला, आणि आठव्या दिवशी अचानक डेड. त्यात वडिलांचे शेवटच्या वर्षातले फोटो आहेत. बॅकअप नाही. काही होईल का? – चिपळूणची एक वाचक

होऊ शकतं. म्हणून पहिलं ऐका. आता तो चालू करून बघू नका, चार्जिंगला लावू नका, बटण दाबून धरू नका. मैत्रिणीच्या चार्जरनं एकदा बघूया, हेही नको.

तांदळानं काही होत नाही, ताई. डब्यातला तांदूळ फोनच्या पोटातलं पाणी ओढून घेत नाही. २०२४ च्या सुरुवातीला ॲपलनंसुद्धा आयफोन तांदळात ठेवू नका, त्याचे कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं, असं सांगितलं. माझ्या टेबलावर चिमट्यानं जॅकमधून तांदळाची कणी काढायची वेळ वर्षातून चार-पाचदा येतेच. एकदा तर बासमती निघाला. फोन महागाचा होता, तांदूळही त्या हिशोबानं घेतला असावा.

तुमचा फोन आठ दिवस चालून का गेला, तर पाणी वाळलं पण पाण्यात होतं ते मागं राहिलं. पावसाचं पाणी डिकीतून येतं तेव्हा त्यात माती असते, क्षार असतात. बॅटरी जोडलेलीच असते, म्हणजे बोर्डावर वीज खेळत असते. ओल, क्षार आणि वीज एकत्र आली की तांबं झिजायला लागतं. बोर्ड उघडला की बारीक भागांच्या पायाशी हिरवट-पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसते. ती हळूहळू पसरते, आणि एके दिवशी नको तिथं पोचते. तुमचा आठवा दिवस तो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-कोयनेला पूर आला, तेव्हा आमच्याकडे एकानं सिमेंटच्या पिशवीतून घरातले सहा फोन आणले होते, गाळानं भरलेले. त्यातले दोन कुणी हातच न लावता पडले होते. तेच दोन वाचले. बाकीचे चार घरच्यांनी दिवसभर चालू करून बघितले होते. चिपळूणकरांना पुराचं मी काय सांगायचं, तुम्ही २०२१ चा जुलै बघितलाय. पण फोनच्या बाबतीत मी तेव्हापासून एकच सांगते. भिजला की बंद करा, सिमचा ट्रे काढा, जॅक खाली करून ठेवा आणि त्याच दिवशी उघडायला द्या. उघडणारा आधी बॅटरी सोडवतो, मग बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतो. धुणं जितकं लवकर, तितकं बरं.

आता फोटो. हल्लीच्या फोनांत मेमरीतला मजकूर कुलूपबंद असतो आणि किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. त्यामुळे चिप उपटून दुसऱ्या फोनला लावली की फोटो निघाले, असं होत नाही. तोच बोर्ड एकदा तरी जिवंत करावा लागतो. म्हणून दुकानात फोन दुरुस्त करा असं म्हणू नका. मला फोन नको, त्यातले फोटो हवेत, असं म्हणा. काम बदलतं. मग स्क्रीन, कॅमेरा, स्पीकर कशाचाच विचार करायचा नाही, बोर्ड तासभर चालला तरी पुरे. बोर्डाचं काम सूक्ष्मदर्शकाखाली करणाऱ्याकडेच जा, आणि त्यानं खात्री दिली तर सावध व्हा. खात्री कुणालाच देता येत नाही, मलाही नाही.

फोन पाण्यात चालणारा आहे असं खोक्यावर लिहिलंय, हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. आयपी ६८ म्हणजे धूळ आणि पाणी रोखण्याचा दर्जा. त्याची चाचणी स्वच्छ गोड्या पाण्यात आणि नव्या फोनवर होते. एकदा पडून कड वाकली, किंवा कुणी मागचं झाकण उघडून पुन्हा चिकटवलं, की तो आकडा खोक्यावरच राहतो. पाण्यानं झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरतही नाहीत. आत पाणी लागलं की लाल होणारी एक टिकली असते, सर्व्हिस सेंटरवाला आधी तीच बघतो.

माझ्या चार वर्षांच्या फोनची बॅटरी दुपारपर्यंतच टिकते. महिनाभरात मागचं झाकण एका बाजूनं उचललं गेलंय, स्क्रीनही थोडी वर आल्यासारखी वाटते. मुलगा म्हणतो, बाबा, रबर लावून वापरा, दिवाळीला नवा घेऊ. – निवृत्त शिक्षक, चंद्रपूर

गुरुजी, दिवाळीपर्यंत नाही. आजपासून नाही.

झाकण उचललं गेलंय ते आतून बॅटरी फुगल्यामुळे. लिथियमची बॅटरी जुनी झाली, फार तापली किंवा सदोष चार्जरवर राहिली की आतला द्राव विघटित होऊन वायू होतो, आणि तो त्या चंदेरी पाकिटात कोंडतो. चंद्रपूरचा मे महिना बॅटरीला मानवत नाही. आयफोनसाठी ॲपल ० ते ३५ अंशांत वापरा म्हणतं, तुमच्याकडे सावलीत त्याच्या वर असतं. रबर लावून झाकण दाबणं म्हणजे त्या पाकिटावर दाब देणं. त्याला टोचलं किंवा ते दुमडलं तर आग लागू शकते. फोन बंद करा, उशीखाली, कपड्यात, फ्रिजमध्ये नको, फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत मोकळा ठेवा, आणि बॅटरी बदलून घ्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, दुकानदाराकडेच ठेवा. मुलाला हे वाचायला द्या.

रात्री अपडेट लावून झोपलो. सकाळी स्क्रीनवर वरून खालपर्यंत हिरवी रेघ. फोन पडलेला नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, वॉरंटी संपली, स्क्रीन १४,००० रुपये. अपडेटनं बिघडवलं तर पैसे मी का द्यायचे? – पिंपरीतला एक तरुण

भाऊ, ही रेघ आता इतक्यांना आलीय की गिऱ्हाईक दुकानात शिरताना फोन माझ्याकडे वळवतं आणि मी आधीच मान हलवते.

अमोलेड स्क्रीनच्या खालच्या कडेला स्क्रीन चालवणारी चिप एका लवचीक फिल्मवर असते. ती फिल्म मागं दुमडलेली असते आणि काचेशी केसापेक्षा बारीक जोडांनी चिकटलेली असते. त्यातला एक जोड सुटला की एक उभी ओळ कायम पेटून राहते. बोटानं कड दाबली की कधी रेघ जाते आणि सोडली की परत येते, एवढ्यावरून मला अंदाज येतो. हे माझ्या हातानं नीट होत नाही. असले जोड बसवायचं मशीन मोठ्या शहरांत काहींकडे असतं, पण ते काम किती टिकेल याची मी हमी घेणार नाही.

अपडेटनं रेघ येते का? माझं मत असं, की जोड आधीच कमकुवत झालेला असतो. अपडेट लागताना फोन बराच वेळ तापतो आणि तेवढं निमित्त पुरतं. पण म्हणून दोष तुमचा होत नाही. न पडलेल्या, न भिजलेल्या फोनचा जोड सुटला तर तो कुणाच्या हलगर्जीनं, हा प्रश्न विचारायला जागा आहे. काही कंपन्यांनी भारतात ठरावीक मॉडेलांच्या स्क्रीन या रेघेसाठी वॉरंटी संपल्यावरही फुकट बदलून दिल्यात. पण काउंटरवर विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही. तुमचं मॉडेल सांगून थेट विचारा.

नाही म्हणाले तर ते नाही लेखी घ्या. जॉबशीटवर, म्हणजे फोन जमा करतानाच्या नोंदपावतीवर, फोनची स्थिती लिहिताना समोर उभे राहा. एकाही कोपऱ्याला पोचा नाही, ओरखडा नाही, हे त्यांच्या अक्षरात यायला हवं, आणि त्याच वेळी चारही कडांचे फोटो काढून ठेवा. नंतर त्याच फोनला मार बसल्याचं कारण दाखवलेले लोक माझ्याकडे आलेत. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन करा. तिथून कंपनीकडे तक्रार जाते. तेवढ्यानं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथं फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, फक्त कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. वेळ लागेल, हे मी लपवत नाही. चौदा हजारांसाठी तुम्ही किती तारखांना सुट्टी काढू शकता, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी बाइकवरून पार्सल पोचवतो. फोन हँडलला लावलेला असतो. आता कॅमेरा उघडला की चित्र थरथरतं आणि आतून भुंग्यासारखा आवाज येतो. – नाशिक

कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर येण्यासाठी आतली लेन्स बारीक स्प्रिंग आणि चुंबकांवर तरंगती ठेवलेली असते. इंजिनाची थरथर दिवसभर हँडलमधून तिथं पोचली की ती व्यवस्था खिळखिळी होते. ॲपलनं २०२१ मध्ये मोटरसायकलच्या जोरदार कंपनांबद्दल हाच इशारा दिला होता, आणि लेन्स अशी तरंगती असेल त्या दुसऱ्या फोनांनाही तो लागू होतो. कॅमेरा बदलावा लागेल. नवा बसवल्यावर कंपनं शोषणारा होल्डर घ्या किंवा पत्ता ऐकून चला, फोन खिशात. दुसरा कॅमेरा तसाच लावलात तर त्याचंही तेच होणार.

चार्जिंगला लावलेला फोन हातात घेतला की कडेला झिणझिण्या येतात, आणि टच आपोआप चालतो. – कोल्हापूर

चार्जर बदला. दोन पिनांच्या चांगल्या चार्जरमधूनही नगण्य प्रवाह धातूच्या कडेला येतो, पण टच वेडावाकडा होत असेल तर चार्जर हलका आहे. अंगावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि आर अक्षरापुढे आठ आकडी नंबर आहे का बघा. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासता येतो. स्टँडवर शंभर रुपयांना मिळणाऱ्यावर चिन्ह छापलेलं असतं, नंबर दुसऱ्याच वस्तूचा निघतो.

दुरुस्तीला दिला की पासवर्ड मागतात. फोनमध्ये घरचे फोटो आहेत, बँक आहे. नवरा म्हणतो देऊ नको, दुकानदार म्हणतो, मग चेक कसं करू. – इस्लामपूरची एक वाचक

तुझ्या नवऱ्याचं बरोबर आहे, आणि दुकानदाराचंही थोडं. बॅटरी, जॅक, काच यांना पासवर्ड लागत नाही. कॅमेरा लॉक असतानाही उघडतो. टच, स्पीकर, माइक तपासायला फोन उघडावा लागतो, पण तो तू येऊन उघड, त्याच्यासमोर तपास आणि बंद कर. अलीकडच्या बऱ्याच फोनांत मेंटेनन्स किंवा रिपेअर मोड असतो. तो लावून दिलास की कारागिराला कोरा फोन दिसतो, तुझं काहीच दिसत नाही. सेटिंगमध्ये शोध.

सिम आणि मेमरी कार्ड काढून घे, ओटीपी सिमवरच येतात. *#०६# दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, तुझ्या वहीत लिहून ठेव आणि फोन परत घेताना तोच आहे ना बघ, म्हणजे बोर्ड बदलला नाही हे कळेल. आमच्या धंद्यात असं करणारे आहेत, ते मी नाकारणार नाही. बिल घे, आणि काढलेला जुना पार्ट मागून घे.

मी बॅटरी सोडून प्रत्येक जुना पार्ट पाकिटात घालून बिलाबरोबर देते. निम्मी गिऱ्हाइकं ते पाकीट दुकानाच्या पायरीवरच टाकून जातात, आणि संध्याकाळी आमचा पोरगा ती गोळा करत बसतो.